चाळीस घोडे, एकशेवीस घोडे आणि दिवेआगरची ताडपत्री

अलिबागहून श्रीवर्धनला जाणं ही काही कुणाला लिहून कळवावी अशी गोष्ट नाही. तिकडे रोज एसटी जाते. मुंबईची मंडळी शनिवारी जातात आणि रविवारी भाजलेल्या पाठी घेऊन परत येतात. आम्ही मात्र तीन माणसं दोन गाड्या घेऊन गेलो, तेही भांडत, म्हणून लिहितो आहे. ज्यांना नुसता समुद्र वाचायचा आहे त्यांची थोडी निराशा होईल. समुद्र सगळीकडे होता, पण मी बराचसा वेळ रस्त्याकडे पाहत होतो. निदान माझी तशी समजूत होती.

भांडण असं. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे एकसलग सीट, खिडकीला राख झटकण्यापुरती त्रिकोणी काच. एके काळी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दुसरी गाडी पाहिलीच नव्हती. एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, चाळीसेक घोड्यांची ताकद, त्यातले दोन-तीन घोडे आता पेन्शनीत. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. दाबल्यावर ते आधी विचार करतात. माझी बायको सुलभा या गाडीला ‘तुमची ती’ म्हणते.

माझी मुलगी मंजिरी पुण्यात नोकरी करते. तिने गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली. नऊशे नव्व्याण्णव सीसी, सिलिंडर तीन, आणि घोडे एकशेवीस. माझ्यापेक्षा लहान इंजिन, एक सिलिंडर कमी, आणि ताकद तिप्पट, हे मला अजून पचलेलं नाही. ती म्हणते, टर्बो. मी म्हणतो, बरं. त्या गाडीला चारही बाजूंनी कॅमेरे आहेत, पुढे टीव्हीएवढा पडदा आहे आणि गिअर बदलायचं काम तिचं तीच करते, कारण माणसावर तिचा विश्वास नाही.

जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. यंदा ती वेळ आली तशी मंजिरी म्हणाली, “बाबा, आता बास. या वेळी भंगारात द्या.” मी नागोठण्याकडच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी विभागात काढली आहेत. चाचणी न घेता कुठलाही माल नापास करणं मला जमत नाही. मी वही काढली. नऊ चाचण्या, प्रत्येकीला एक गुण. अलिबाग ते श्रीवर्धन, शुक्रवार ते रविवार. जुनी हरली तर सरळ भंगारात. जिंकली तर मंजिरीने हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या. सुलभाला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मेथीच्या हाताने केली.

शुक्रवार : अलिबाग ते आगरदांडा

पहिली चाचणी, सकाळी चालू होणे. मंजिरीने बटण दाबलं. गाडी चालू झाली की नाही हे कळायला पडदा पाहावा लागला. माझी चोक ओढून तिसऱ्या प्रयत्नात खोकली आणि शेजारच्या दोन घरांत दिवे लागले. गुण नवीला.

दुसरी, सामान. बोर्ली पंचतनला माझा जुना सहकारी इस्माईलभाई राहतो. त्याच्याकडे दोन रात्रींचा मुक्काम होता, आणि मोकळ्या हाताने जायचं नव्हतं, म्हणून बर्फात घातलेला एक जिताडा घेतला होता. आमच्या अलिबाग भागात जिताडा हा मासा नसून शिफारसपत्र आहे. तो पोचवला की पुढच्या चार कामांची काळजी मिटते. मंजिरी म्हणाली, माझ्या गाडीत मासा येणार नाही, सीटला वास लागेल. माझ्या गाडीच्या डिकीला गेल्या पस्तीस वर्षांत इतके वास लागले आहेत की त्यात एकाची भर पडून काही बिघडत नाही. मासा न नेणारी गाडी रायगडात काय कामाची, असं मी वहीत लिहिलं आणि गुण घेतला.

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदच्या वाटेला लागलो. इथे रस्ता चढतो, वळतो, मधेच झाडीतून समुद्र दाखवतो आणि परत झाकतो. तिसरी चाचणी चढाची होती. मंजिरी मागून आली, शेजारून गेली आणि दिसेनाशी झाली. माझी गाडी निम्म्या चढावर गप्प बसली. पेट्रोलचा पंप तापला की ती असं करते. त्यावर उपाय म्हणजे ओला पंचा पंपावर टाकायचा आणि दहा मिनिटं शहाळं प्यायचं. आम्ही तो केला. गुण गेला, पण शहाळं गोड होतं.

सुलभा माझ्या शेजारी होती. तिला गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून ती अखंड चालवते. “डावीकडे सायकल. डावीकडे बाई आहे, टोपलीवाली. डावीकडे म्हैस, पण ती बसलीय.” एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यांना जी एक विद्या येते, ऐकायचं आणि ऐकू न येऊ द्यायचं, ती मला उत्तम येते. अगदीच झालं की मी म्हणतो, मला डोळे आहेत. मुरूडपर्यंत मी ते चारदा म्हणालो.

आगरदांड्याला खाडी ओलांडायला जंगलजेटी आहे. मोठ्या तराफ्यासारखी बोट, तीत गाड्या, दुचाक्या, माणसं आणि एखादी बकरी असा सगळा संसार पलीकडे दिघीला उतरतो. त्या दिवशी गाड्या उलट्या चढवून घेत होते. चौथी चाचणी आपसूकच ठरली. मंजिरीने गाडी मागे घेतली आणि उताराच्या फळीशी येताच गाडीने ओरडून स्वतःच ब्रेक मारला. फळी म्हणजे भिंत आहे असं तिला वाटलं. पुन्हा मागे, पुन्हा ओरड. बोटीवरचा माणूस कमरेवर हात ठेवून बघत होता.

“घाबरू नका ताई, या.”

“मी नाही घाबरत. गाडी घाबरतेय.”

“मंग तिला सांगा, पानी लांब हाय.”

शेवटी पडद्यावरची तीन-चार बटणं बंद करून तिने गाडी चढवली. मी आलो. सुलभा खिडकीतून मुंडी बाहेर काढून, “या. या. अजून या. डावी बाजू सांभाळा, दोर आहे. थांबा.” एका दमात गाडी आत. बोटीवाला म्हणाला, “काका, येक लंबर.” वहीत मी ‘चालकाचं कौशल्य’ असा शेरा मारून गुण घेतला. दोन-दोन.

शनिवार : बोर्ली पंचतन

इस्माईलभाई माझ्याबरोबर कारखान्यात होता, नंतर मस्कतला गेला आणि बारा वर्षं ट्रेलर चालवून परत आला. आता बोर्लीच्या बाजाराच्या मागे घर बांधून आहे. घर मोठं, माणसं दोनच, आणि बैठकीत टांगलेलं घड्याळ अजून मस्कतची वेळ दाखवतं. बदलायचा कंटाळा येतो म्हणाला.

जिताड्याचं कालवण आम्ही करतो तेव्हा चिंच घालतो. त्याच्या बेगमने आमसुलं घातली होती आणि नारळाला हात आखडता घेतला नव्हता. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, इतक्या पातळ की ताटातली रेघ दिसावी. आमच्याकडे जेवणावर बडीशेप देतात; इथे खजुरांचं खोकं उघडलं. सुलभाने बेगमकडून आमसुलांचं प्रमाण लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून आमच्या चिंचेला उतरती कळा लागली आहे.

इस्माईलभाईला आम्ही पंच नेमलं. दोन्ही गाड्यांना फेरी मारून तो म्हणाला, “भाऊ, मी काम बगून फैसला देनार. ओळखीवर न्हाय.”

पाचवी चाचणी ब्रेकची. गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून थांबायचं. मंजिरीची गाडी तोंडावर हात ठेवल्यासारखी जागच्या जागी थांबली. माझी थांबली ती पंचांच्या पायांपासून फार दूर नाही. “बिस्मिल्ला,” असं म्हणून त्याने गुण नवीला दिला. सहावी, बाजारातल्या गल्लीत गाडी वळवणे. माझी गाडी फूटभर अरुंद. एका बाजूला कांद्याची पाटी, दुसऱ्या बाजूला पिंपं, मधून मी दोन हिसक्यांत फिरलो, अर्थात सुलभा शेजारून पाटीचं अंतर सांगत होती. मंजिरीला पाच वेळा पुढे-मागे करावं लागलं आणि कांदेवाल्याने सल्ला दिला तो वेगळाच. गुण जुनीला. सातवी, रस्त्यात बिघडल्यास दुरुस्ती. माझं बॉनेट उघडलं की सगळं इंजिन, पंप, कार्ब्युरेटर घरच्यासारखं समोर असतं. खालचा रस्ताही दिसतो. नवीचं बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. इस्माईलभाईने त्यावर टिचकी मारली. “हे उगडायला पन दुसरी गाडी बोलवावी लागल.” गुण जुनीला.

आठवी चाचणी आरामाची होती, आणि अट अशी की एकमेकांच्या गाड्या चालवून पाहायच्या. मी नवीत बसलो. शेजारी मंजिरी, मागे पंच. गार हवा, मऊ सीट, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग. मला ती गाडी आवडू लागली होती, तेवढ्यात तिने टुंग केलं. पडद्यावर डाव्या बाजूची रेघ पिवळी झाली. थोड्या वेळाने परत टुंग. पुढे एक दुचाकी गेली तेव्हा तर तिने अख्ख्या स्टिअरिंगला कापरं भरवलं. तासाभरात सतरा वेळा. मी मोजत होतो, सवयच आहे. “मी सरळ चाललोय आणि ही उगाच कोकलतेय,” मी म्हणालो. मंजिरी म्हणाली, “पुण्यात नाही एवढी ओरडत.” मी म्हणालो, पुण्यात तिला कुणी विचारत नसेल.

“जरा उजव्या अंगाला धर, भाऊ,” मागून इस्माईलभाई म्हणाला.

बारा वर्षं मस्कतच्या उलट्या बाजूच्या रस्त्यावर ट्रेलर चालवल्यामुळे तुला उजवीकडे सरकायची खोड लागली आहे, असं मी त्याला सांगितलं. एरवी असल्या बोलण्यावर तो हसतो. त्या दिवशी हसला नाही. वहीत मी लिहिलं, ‘कारण नसताना ओरडते’, आणि नवीचा गुण कापला. पंचांनी माझी वही घेतली, ते खोडलं आणि गुण नवीला दिला. चार-चार.

रविवार : दिवेआगरचा रस्ता

शेवटची चाचणी अरुंद रस्त्याची होती, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. बोर्लीहून दिवेआगरच्या वाड्यांमधून जाणारे रस्ते म्हणजे दोन कुंपणांनी एकमेकांना दिलेली सवलत. दोन्हीकडे नारळ, पोफळी, मधेच कुणाची विहीर रस्त्यावर येऊन बसलेली. इथे फूटभर अरुंद गाडी जिंकणार यात मला शंका नव्हती. श्रीवर्धनच्या नाक्यापर्यंत ओरखडा न येता जो आधी पोचेल त्याचा गुण.

आता तपासणी खात्यातला माणूस काय करतो ते पाहा. दोन दिवस माझ्या गाडीत दोन माणसं होती आणि मंजिरीच्या गाडीत एकच. हा अन्याय होता. मी वही उघडली, ‘सुलभा, बासष्ट किलो’ असं ‘भार’ या रकान्यात लिहिलं आणि जाहीर केलं की दोन दिवस हा भार आमच्या गाडीने वाहिला, आज तुमची वाहू दे. सुलभाने वहीत डोकावून पाहिलं.

“यात डबा धरलाय का?”

“नाही.”

“मग तो पण लिहा. घावणे आहेत,” असं म्हणून ती दाराशी थोडी थांबली. “अहो, मी बसू का तुमच्याच गाडीत?”

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. ती मंजिरीच्या गाडीत जाऊन बसली.

मंजिरी पुढे गेली, मी मागून निघालो. किती शांत वाटलं म्हणून सांगू. सायकल नाही, बाई नाही, म्हैस नाही. मी शीळसुद्धा घातली. पोफळींच्या सावल्या बॉनेटवरून सरकत होत्या, ओल्या मातीचा वास येत होता, कुठे तरी पाण्याचा पंप चालू होता. मंजिरी पुढे कुठेतरी कुंपणाला अडकली असणार, आपण जिंकलो, आता नाक्यावर चहा मागवून ठेवू, असं मनात आलं आणि डाव्या चाकाखाली कट्ट कट्ट कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं चाकावरची स्प्रिंग तुटली. गाडी थांबवून उतरलो.

स्प्रिंग तुटली नव्हती. माझं डावं पुढचं चाक एका निळ्या ताडपत्रीच्या मधोमध उभं होतं. ताडपत्रीवर सुपारी वाळत घातलेली होती, आणि ताडपत्री लहान नव्हती. तिच्यावर एक लग्नाची पंगत बसली असती. ती निळी होती. भर उन्हात होती. मी शपथेवर सांगितलं असतं की तिथे काहीच नव्हतं. आणि तिच्या पलीकडच्या टोकाला पाटावर एक आजी बसल्या होत्या, कावळे हाकायची काठी हातात धरून. चाकापासून त्यांचा गुडघा दोन हातांवर होता.

त्या ओरडल्या नाहीत. बहुतेक ओरडून झालं होतं.

“काठी वर केली. हाका मारल्या. तू माज्या तोंडाकडं बगत आलास, नि तरी आलास.”

मी काहीतरी पुटपुटलो. आवाज, इंजिन, ऊन. त्यांनी पायाने एक टोपली माझ्याकडे सरकवली.

“वेच आता.”

सुपारी सालासकट वाळवतात. चाकाखाली आली की थोडी फुटते आणि बाकीची रस्ताभर पळते. मी गाडी मागे घेतली आणि मांडी घालून वेचायला बसलो. सत्तरी जवळ आलेला माणूस दिवेआगरच्या रस्त्यात बसून सुपाऱ्या गोळा करतोय हे दृश्य बघायला दोन दुचाक्या थांबल्या, आणि आजींनी काठी उगारल्यावर गेल्या. बराच वेळ गेला. टोपली भरत आली तेव्हा मी म्हणालो, झालं.

“डाव्या अंगाच्या कुनाला ठेवल्यास?”

मी पाहिलं. माझ्या डाव्या मांडीशी, हातभर अंतरावर, पन्नासेक सुपाऱ्या पडल्या होत्या. मान वळवली तेव्हा दिसल्या. मान सरळ केली की नव्हत्या.

आजी पाटावरून उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि एक सुपारी माझ्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढे आणू लागल्या. “म्होरं बग, हलू नको. दिसतंय?” नाही. “आता?” नाही. ती जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा दिसली. मग त्यांनी हाच खेळ उजवीकडून केला, तेव्हा ती लांबूनच दिसली.

“माज्या मालकांचं आसंच झालं हुतं,” त्या म्हणाल्या. “पोफळीवर चढायचे. दिसत न्हाय, ते सांगितलं न्हाय कुनाला.”

“मग?”

“मग काय. पडले.”

परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेली आहे आणि उजव्याचीही नाकाकडची बाजू. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. तो कडेने खात येतो आणि समोरचं स्वच्छ ठेवतो, म्हणून माणसाला कळत नाही, असं ते म्हणाले. पण त्या रविवारी मला हे काही माहीत नव्हतं. मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. समोर आजींचा चेहरा होता आणि त्याच्याभोवती काहीच नव्हतं. काळोखही नव्हता, नुसतं काहीच नाही. मला भीती वाटली. गाडी जाईल याची नाही. इतके दिवस माझ्या डाव्या हाताला कोण कोण येऊन गेलं असेल याची.

मी मंजिरीला फोन केला आणि या म्हणून सांगितलं. का ते सांगितलं नाही.

ती दहा मिनिटांत परत आली. उतरताच तिने कंबरेवर हात ठेवले. “बंद पडली ना? सांगत होते मी तुम्हाला. जिंकले मी.”

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. उत्तर तिनेच आयतं दिलं होतं. गाडी भंगारात जाईल, मी चार दिवस फुगून बसेन, सगळे माझी समजूत काढतील आणि कुणाला काही कळणार नाही. पुढे मंजिरीची गाडीही मला कधीमधी चालवायला मिळेल. मी म्हणालो, “पंप तापलाय.”

पस्तीस वर्षं जिने माझ्यावर एकदाही खोटा आळ आणला नाही, त्या गाडीवर मी हा घातला. आजी माझ्याकडे पाहत होत्या.

मंजिरीने बॉनेट उघडलं. कालच इस्माईलभाईने तिला पंप कुठे असतो ते दाखवलं होतं. तिने त्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मग आत बसून किल्ली फिरवली. सकाळी तीन-तीनदा खोकणारी ती गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालत राहिली.

“बाबा?”

“गाडी पास आहे,” मी म्हणालो. “मी नापास.”

मग मी सांगितलं. ताडपत्री, आजी, डावीकडच्या सुपाऱ्या, तिच्या गाडीची सतरा टुंगं, सगळं. मंजिरीने गाडी बंद केली आणि बाहेर येऊन माझा दंड धरून उभी राहिली. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायचो, तसाच घट्ट. सुलभा तोवर ताडपत्रीला वळसा घालून आली होती. तिने चाकाची खूण पाहिली, पाट पाहिला, दोन्हींतलं अंतर पाहिलं, आणि खाली बसून उरलेल्या सुपाऱ्या वेचू लागली. मी तिच्या शेजारी बसलो.

“तुला माहीत होतं?”

“तुम्ही गेटचा खांब घासलात तेव्हापासून. मागच्याच्या मागच्या गणपतीत.”

“आणि बोलली नाहीस?”

“रोज बोलत होते. तीस-तीस किलोमीटर बोलत होते.”

“तसं नव्हे. मला, समोर बसून.”

तिने दोन सुपाऱ्या टोपलीत टाकल्या. “समोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही गाडी सोडली असतीत. मग तुम्ही घरात बसला असतात, भिंतीकडे बघत. आणि तुम्ही घरात, म्हणजे मी पण घरात. मला वाटलं, मी आहे ना शेजारी. काही होत नाही.” मग तिने पाटाकडे पाहिलं. “आज झालं असतं.”

तिचा राग येण्याएवढा मी स्वच्छ नव्हतो. आजींना मी नुकसानीचं विचारलं तर म्हणाल्या, वेचल्यास ना, मग झालं. त्यांनी आम्हाला काळा चहा दिला. डब्यातले घावणे आम्ही चौघांनी त्यांच्याच ओट्यावर बसून खाल्ले, आणि आजींनी घावण्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

आता दोन गाड्या आणि चालवणारी एकटी मंजिरी. मी इस्माईलभाईला फोन लावला. अर्ध्या तासात तो रिक्षाने हजर. माझ्याकडे पाहून म्हणाला, “मला काल शक आला हुता, भाऊ. बोलायची हिंमत न्हाय झाली.” मग घाईघाईने पुढे म्हणाला, “मी येतो चालवत अलिबागला. तसं पन उद्याचं कोर्टात काम हाय माजं, आजच निगायचं हुतं.” त्याच्या हातात पिशवी नव्हती आणि पायात घरातल्या सपाता होत्या.

मंजिरीने माझी वही मागून घेतली. नवव्या चाचणीपुढे तिने जुनीला गुण दिला. मी म्हणालो, अगं, सुपाऱ्या फुटल्या, नियमाने तुझा गुण. ती म्हणाली, “गाडीने काय केलं त्यात? नोंदणी मी वाढवून आणते. इस्माईलकाका आले की चालवतील, मी आले की मी चालवेन. गिअर शिकवा मला त्या दांड्याचा.” आणि डोळे पुसत तिच्या गाडीत जाऊन बसली.

म्हसळ्याहून माणगावच्या वाटेला

येताना जंगलजेटीला न जाता म्हसळ्यावरून माणगावला निघालो. मंजिरी पुढे, आम्ही मागे. इस्माईलभाई स्टिअरिंगवर, शेजारी सुलभा, आणि मी मागच्या सीटवर, त्याच्या पाठीशी. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीत मी मागे कधी बसलो नव्हतो. तिथे गुडघ्यांना जागा नाही आणि खड्डे जास्त कळतात, हे कुणी मला सांगितलं कसं नाही याचं नवल वाटलं. मग आठवलं की मंजिरी लहानपणी सांगायची.

म्हसळ्याचा बाजार मागे पडला. भात कापून झालेली शेतं, त्यांत वालाची हिरवी रोपं, मधूनच शेतात जाळलेल्या राबाचा धूर. सुलभा म्हणाली, “डावीकडे सायकल.” थोड्या वेळाने, “डावीकडे शेळ्या आहेत.”

“दिसतात मला, भाभी,” इस्माईलभाई म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

मी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी सीटची कड धरून, पाठ न टेकता, काचेशी वाकून ती बसली होती. ती किती वर्षं अशी बसत होती मला माहीत नाही, मी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वळणावर एक बैलगाडी आली, डावीकडूनच, आणि सुलभाचं तोंड उघडलं, पण इस्माईलभाईने आधीच वेग कमी केला होता. बैलगाडी गेली. मग सुलभाने सीटची कड सोडली आणि हळूहळू मागे टेकली. मोर्ब्याच्या अलीकडेच तिला गाढ झोप लागली.